पळीभर पंचामृत

“हात घालायच्या आदी डोळं मीट. आत डोळ्याचं काम न्हाई. आन् मेंढी उटून उभी ऱ्हाईस्तवर तोंडात घास घालायचा न्हाई, ध्येनात ठेव.”

सुंदराला सासूचा हा आवाज ऐकू आला तो पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलात, चौथ्या मजल्यावर, ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत नेलेली तिची ट्रॉली परत फिरवली तेव्हा. सासूला, कुशाबाईला, जाऊन एकवीस वर्षं झाली होती. सगळा जन्म मेंढरांमागं चालण्यात गेलेली बाई. लिफ्ट म्हणून काही असतं हे तिच्या गावीही नव्हतं. पण आवाज आला तो अगदी कानाशी, मिसरीच्या वासासकट. सुंदरा उताणी होती. अंगावर हिरवा झगा, केसांवर कागदी टोपी. जाताना छतातले चौकोनी दिवे पायांकडून येऊन डोक्यामागं जात होते. आता ते डोक्याकडून येऊन पायांकडं चालले होते. तेवढ्यावरून तिला उमगलं की आपण परत निघालो. “काय झालं ओ दादा?” तिनं विचारलं. “तारीख बदलली मावशी,” ट्रॉली ओढणारा म्हणाला, “तुमी दूध प्यालात म्हणं.”

दूध ती प्यायली नव्हती. पहाटे सून आशा तोंड धुवायला गेली तेवढ्यात तिनं पिशवीतली तांब्याची डबी काढली होती. घरून आणलेलं पंचामृत पळीनं तळहातावर घेतलं होतं, खंडोबाचं नाव घेऊन ओठांना लावलं होतं, उरलेला ओला हात केसांवरून फिरवला होता. विटाळाचे दिवस सोडले तर छत्तीस वर्षांत हा नेम चुकला नव्हता. मग सात-साडेसातला एक सिस्टर आली, हातातल्या कागदावर टिकमार्क करत तिनं विचारलं, “काल रात्रीपासून काही खाल्लं-प्यायलं का?” सुंदरा म्हणाली, “न्हाई.” सिस्टरनं टिकमार्क केला. पण बाहेर भुलीच्या डॉक्टरांनी आशाला तोच प्रश्न विचारला तेव्हा आशा मोठ्या कौतुकानं म्हणाली, “नाही हो, कडक उपाशी आहेत. नुसतं तीर्थ घेतलंय, त्याशिवाय त्यांचा दिवस उगवत नाही.” डॉक्टर म्हणाले, “तीर्थ म्हणजे पाणी?” आशा म्हणाली, “पंचामृत.” डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. ते चिडले नाहीत. पोटात दूध-दही असताना झोपवलं तर ते वर येऊन श्वासात जातं, माणूस हातचं जातं, एवढं त्यांनी समजावून सांगितलं, आणि भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावरचं पहिलं नाव बोळ्यानं पुसलं. ऑपरेशन करणाऱ्या रोबोटची पुढची मोकळी तारीख दोन आठवड्यांनी होती. बुधवार.

आळेफाट्याला मुलाच्या घरी परत आल्यावर ही गोष्ट दोन दिवसांत चौकभर झाली. गोरक्षचं ट्रेलर आणि डंपरच्या हायड्रॉलिकचं गॅरेज खाली, राहायचं वर. गॅलरीत बसलं की खालचं सगळं बोलणं वर येई. आलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला तो ते रंगवून सांगे. “राव, ती मशीन कोटीतली. चार हात तिला. डॉक्टर, सिस्टर, कंपनीचा इंजिनिअर, समदी जय्यत उभी. आन् आमच्या म्हातारीनं एका पळीत समदं बंद पाडलं!” माणसं हसत. कुणी म्हणे, “आरं, जुनी माणसं ती. तीर्थाला कोण खाणं म्हणतंय?” राजुरीचा एक म्हातारा गिऱ्हाईक मात्र हसला नाही. “खंडोबानंच थांबावलं आसंल, भाऊ,” तो म्हणाला. “देव उगं आडवा येत न्हाई.” वर गॅलरीत सुंदरा शेंगा फोडत होती. तिचा हात थांबला. देवावर आळ आलेला तिला सहन होत नसे, आणि हा तसाच आळ होता. पण खाली जाऊन ‘देवानं न्हाई थांबावलं’ म्हणायचं तर मग कुणी थांबवलं तेही सांगावं लागलं असतं.

कारण ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी वॉर्डातल्या सिस्टरनं तिला नीट सांगितलं होतं. रात्री दहानंतर काही नाही, चहा नाही, दूध तर नाहीच नाही. ते ऐकताना सुंदराच्या मनात लगेच आलं होतं, तीर्थ म्हणजे काही खाणं नव्हे. हा विचार जरा फारच लवकर आला होता. दारावर टकटक व्हायच्या आधीच कुणी कडी काढावी तसा. तो खरोखर तिचा भाबडेपणा होता की आयती सापडलेली पळवाट, हे तिचं तिला कळेना. शेंगा फोडताना ती ते उलटून पालटून पाही. वाती वळताना पाही. कधी वाटे, छत्तीस वर्षांचा नेम, हात आपसूक डबीकडं गेला, त्यात काय. आणि कधी तिला आठवे की आशा उठून बाहेर जाईपर्यंत आपण डोळे मिटून पडलो होतो, आणि जागे होतो.

घरातल्यांची समजूत अशी की ती यंत्राला भ्यायली. तिनं ती समजूत तशीच राहू दिली. विटाळ जाऊन दहा वर्षं झाल्यावर ह्या माघात तिच्या अंगावरून जायला लागलं होतं. तिनं कुणाला सांगितलं नाही, फक्त देव्हाऱ्यापासून लांब राहिली. त्यावरूनच आशाला कळलं. “आत्या, तीन दिवस झाले, देवाला हात लावला नाही तुम्ही,” आशा म्हणाली, “काय झालंय ते सांगा, नाहीतर मी ह्यांना सांगते.” मग मंचरला नेलं. तिथं दर शनिवारी पुण्याहून डॉ. आरती येत. त्यांनी आतला बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला, गोळ्यांनी रक्त थांबवलं, आणि पुढच्या शनिवारी तिघांना समोर बसवून सांगितलं की गर्भपिशवीत कॅन्सर आहे, पण अगदी सुरुवात आहे. पिशवी वेळेत काढली तर ह्या दुखण्यानं मावशींना काही होऊ नये. वेळेत, हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला. “आणि पोट फाडायचं नाही. पाच बारीक छिद्रं, एक बेंबीपाशी. यंत्राचे हात आत जातील. मी बाजूला खुर्चीत बसणार, डोळे एका पेटीला लावून. माझी बोटं इकडं हलली की त्याची बोटं आत हलणार. तिसऱ्या दिवशी घरी.” गोरक्षचे डोळे चमकले. “म्हंजे जेसीबीवाणीच की मॅडम! ड्रायव्हर केबिनीत, बकेट बाहेर.” आशानं त्याला कोपरानं ढोसलं, पण डॉक्टर मोकळं हसल्या. “तसंच म्हणा. फक्त माझी बकेट तांदळाच्या दाण्याएवढी.” सुंदरानं त्या दिवशी एकच विचारलं. “आन् बाई, तुमच्या हाताला आत काय लागतं?” डॉक्टर म्हणाल्या, “आमच्या यंत्रात हाताला काही लागत नाही मावशी. मऊ, कडक, ताण, काहीच नाही. सगळं डोळ्यानं ओळखायचं. टाक्याचा दोरा किती ओढला गेलाय ते त्याच्याकडं बघून ठरवायचं.”

घरी आल्यावर आशानं तिला फोनवर एक व्हिडिओ दाखवला. दोन बारीक पोलादी चिमटे द्राक्षाची साल सोलत होते. साल पदरासारखी अलगद सुटत होती, आतला गर कुठं खरचटला नव्हता. “बघा आत्या, किती नाजूक करतंय.” सुंदरानं चष्मा वर सरकवून पाहिलं. “खाणाराचं दात पडलं का काय? सालीसकट खावं की द्राक्ष.” आशा हसत सुटली. सुंदराही हसली. पण पुढं कितीतरी दिवस ती सोललेली द्राक्षाची ओली गोळी तिच्या डोळ्यांसमोर येत राहिली. इतकं उघडं काही तिनं पाहिलं नव्हतं. आतलं म्हणजे तिच्या लेखी अंधारातलं, ऊनऊन, बोटांना कळणारं. मेंढी अडली की कुशाबाई तिलाच हाक मारी, कारण तिचा हात लहान होता आणि मनगट निमुळतं. गोडंतेल लावून हात आत सारायचा, डोळे मिटायचे, आणि मग बोटांना दिसायला लागे. हे खूर, हे नाकाड, ही मान वळलेली. मान सरळ करायची, पुढचे दोन्ही पाय जुळवायचे, मेंढीनं कळ दिली की तिच्या कळेबरोबर ओढायचं. दौंडाकडच्या काळ्या रानांत आणि पारगावच्या उसाच्या फडांकडेला तिनं अशी किती कोकरं बाहेर काढली त्याची मोजदाद नव्हती. आणि दर वेळी मेंढी उठून पाण्याला तोंड लावीपर्यंत ती उपाशी बसे. ज्याचा हात आत गेला त्यानं खायचं नाही, हा त्यांच्या वाड्यावरचा, म्हणजे मेंढरांच्या तळावरचा, रिवाज होता. का, ते कुणी सांगितलं नव्हतं. पण पोटात भुकेचा खड्डा घेऊन मेंढीच्या डोळ्याला डोळा लावून बसलं की आपण आणि ती एकाच दोरीला बांधलेल्या आहोत असं वाटे, आणि ती उठली की आपणही उठलो असं वाटे. खुर्चीत बसणारी बाई कशाला बांधलेली असेल? यंत्र तर काही खातच नाही. त्याला उपाशी तरी कसं म्हणायचं?

असं म्हणत ती यंत्राभोवती फिरत राही, कारण यंत्राभोवती फिरणं सोपं होतं. मधे जे होतं ते यंत्र नव्हतं. मधे बांडी होती.

बांडी म्हणजे कपाळावर काळा पट्टा असलेली मेंढी. थंडीचे दिवस, पारगावच्या अलीकडं एका शेतकऱ्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती. नवरा राघू पुढचं रान ठरवायला गेला होता, कुशाबाई कळप घेऊन ओढ्याला. वाड्यावर सुंदरा एकटी, चोवीस वर्षांची, आणि झोळीत तीन महिन्यांचा गोरक्ष. दुपार कलली आणि बांडी अडली. सुंदरानं तेल लावून हात घातला, डोळे मिटले. खूर लागला. दुसरा लागला. तिला वाटलं, पुढचे पाय आहेत. गोरक्ष झोळीत रडत होता, छातीतून दूध फुटून चोळी ओली झाली होती, तिला घाई होती. तिनं ओढलं. पोटात दोन कोकरं होती. एकाचा पुढचा पाय आणि दुसऱ्याचा मागचा तिच्या मुठीत आला होता. ते तिला ओढल्यावर कळलं. आणि त्याच वेळी बोटांच्या पाठीशी काहीतरी उसवलं. आवाज झाला नाही, नुसतं उसवलं, भिजलेलं गोणपाट शिवणीत सुटावं तसं. एक कोकरू मेलेलं आलं, एक जिवंत. बांडी आडवी पडून राहिली. सुंदरानं हात धुतले, पोराला पाजायला घेतलं, पण दूध उतरेना; सकाळपासून पोटात काही नव्हतं. मग तिनं टोपल्यातली अर्धी भाकरी काढली आणि बांडीकडं पाठ करून, चार घासांत, न चावता खाल्ली. कुशाबाई आली. तिनं बांडीच्या पोटावर हात फिरवला, सुनेच्या तोंडाकडं पाहिलं. “खाल्लंस का काय?” “न्हाई,” सुंदरा म्हणाली. दिवस मावळायच्या आत बांडी गेली. कुशाबाई फक्त म्हणाली, “जाऊं दे.” पुन्हा त्यावर ती कधी बोलली नाही. त्या दिवशीच्या जेवणात तिनं पहिली भाकरी सुनेच्या ताटात वाढली. तिला ठाऊक होतं म्हणून, की ठाऊक नव्हतं म्हणून, हे सुंदरा आजवर ठरवू शकली नव्हती.

त्यानंतर तिचे उपास सुरू झाले. आधी रविवार. मग सोमवार. मग एकादशी, चतुर्थी, आणि रोजचं तीर्थ, त्याआधी पाणीसुद्धा नाही. मेंढरं विकून गोरक्ष आळेफाट्याला स्थिरावला, राघू वारला, नेम चालूच राहिले. आजूबाजूच्या बायका सुनांना तिचं उदाहरण देत. खंडोबापुढं ती मनोभावे बसे, त्यात खोट नव्हती. तिला त्याचा आधार खरोखरच वाटे. पण गॅलरीतल्या ह्या रिकाम्या दिवसांत, औषधाच्या गोळ्यांनी जड झालेल्या डोक्यात, तिला एक गोष्ट हळूहळू दिसायला लागली. ती आयुष्यभर अर्ध्या भाकरीचं प्रायश्चित्त घेत आली होती. अर्ध्या भाकरीला प्रायश्चित्त होतं, म्हणून. बांडी काही भाकरीनं मेली नव्हती. ती मेली कशानं ते बोटांना त्याच क्षणी कळलं होतं, आणि त्याला कुठला वार नव्हता, कुठली तिथी नव्हती. ते फक्त कुणाला तरी सांगता आलं असतं. कुशाबाईनं विचारलं होतं तेव्हा सांगता आलं असतं. त्याऐवजी ती ‘न्हाई’ म्हणाली होती. आणि परवा ट्रॉलीवर जाण्याआधी, पांढऱ्या कपड्यातल्या एका पोरीला, त्याच आवाजात, तेवढंच ‘न्हाई’. दोन्हींच्या मधे छत्तीस वर्षांचं उपाशी पोट. हे कळल्यावर तिला रडू आलं नाही. नवल वाटलं, एवढंच. दुसऱ्याच कुणाची हकीकत ऐकावी तसं.

बुधवार चार दिवसांवर आला तेव्हा शनिवारी रक्त तपासायला पुन्हा मंचरला जायचं होतं. गोरक्षनं गाडी दिली, आशा बरोबर आली. दवाखान्यात गर्दी होती. आशा रिपोर्ट आणायला खाली गेली आणि सुंदरा एकटीच डॉ. आरतींसमोर बसली. डॉक्टर चाळिशीच्या, बारीक चणीच्या, बोटं लहान मुलीसारखी. सुंदराचं लक्ष त्या बोटांकडंच गेलं. ह्या हाताला मेंढ्या वश झाल्या असत्या, तिच्या मनात आलं.

“बाई, एक इचारू? हसू नका.”

“विचारा की.”

“आपरेशनच्या दिवशी तुमी उपाशी ऱ्हाता का?”

डॉक्टर हसल्या नाहीत. “का हो?”

सुंदरानं वाड्यावरचा रिवाज सांगितला. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “मी पारगावची, मावशी. वडील साखर कारखान्यात होते. आमच्या रानात मेंढरं बसायची दर वर्षी. हे मात्र कधी ऐकलं नव्हतं.” मग म्हणाल्या, “खोटं कशाला सांगू? मी पोटभर खाऊन येणार. दोन पोळ्या, भाजी, चहा. तीन तास डोळे लावून बसायचं, पोटात काही नसलं तर माझं चित्त ढळतं. उपाशी तुम्ही राहायचं.”

“उलटंच झालं की.”

“उलटंच.”

दोघी हसल्या. खालून कुणाचं तरी मूल रडत होतं. सुंदरानं पदर सारखा केला. “पिशवी सुटल्यावर भाईर कशी काडत्यात? त्या भोकातनं?”

“नाही. जिथून बाळ येतं तिथूनच. ती मात्र हातानं घ्यावी लागते. कधी मी उठून घेते, बहुतेक वेळा माझी असिस्टंट घेते.”

सुंदराच्या मनात आलं, आपण गोरक्षला दिला तो रस्ता, आणि त्याच रस्त्यानं त्याचं पहिलं घर बाहेर येणार. मग तिनं विचारलं, आणि आपण हे विचारायलाच आलो होतो हे तिला विचारतानाच कळलं, “तुमच्या हातनं कदी चुकलं का, बाई?”

डॉक्टरांनी दाराकडं पाहिलं. दार लोटलेलं होतं. “चुकलंय. दोन वर्षांमागं एका बाईंची लघवीची नळी दुखावली माझ्याकडून. त्या वेळी दिसलं नाही. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं.”

“मग?”

“मग त्यांच्या खाटेवर बसले आणि सांगितलं, की माझ्याकडून असं झालंय, पुन्हा ऑपरेशन करावं लागेल. त्यांच्या मुलानं मला नको नको ते ऐकवलं. ऐकून घेतलं. आता बऱ्या आहेत त्या.” मग त्या म्हणाल्या, “तुम्हाला घाबरवायला नाही सांगत. तुम्ही विचारलंत म्हणून.”

“न्हाई, घाबरले न्हाई मी,” सुंदरा म्हणाली. बाहेर आशाच्या चपलांचा आवाज जिन्यावर आला तशी ती घाईनं, टेबलाच्या कडेकडं बघत म्हणाली, “बाई, त्या दिशी मला म्हाईत व्हतं. पंचामृतात दूध आसतं, आन् दूध न्हाई चालत, हे समदं म्हाईत व्हतं. भोळी म्हणून न्हाई घेतलं मी.”

डॉक्टरांनी विचारलं, “भीती वाटली?”

“तेबी म्हाईत न्हाई. पर सिस्टरनं इचारल्यावर मी न्हाई म्हनले, ते खोटं व्हतं.”

“बुधवारी ती परत विचारेल.”

“तीर्थ न्हाई घ्यायची. आन् चुकून घेतलंच, तर घेतलं म्हणून सांगीन.”

“शब्द मला नका देऊ,” डॉक्टर पेन उचलत म्हणाल्या, पण त्यांचा आवाज मऊ होता. “विचारणार ती आहे. तिला द्या.”

आशा आत आली. रक्त कमी भरलं होतं, पण चालण्यासारखं होतं. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं: मंगळवारी संध्याकाळपर्यंत दाखल व्हायचं, तोवर उपास करायचा नाही, सोमवारसुद्धा नाही. परतताना आशा गाडी चालवता चालवता म्हणाली, “सोमवार कसा सोडाल हो आत्या? पाप लागेल म्हणाल.” सुंदरा खिडकीबाहेर बघत होती. कळंबच्या पुढं द्राक्षांच्या बागा लागल्या होत्या. “देवाला सांगितलंय,” ती म्हणाली. सोमवारी तिनं दोन वेळा जेवण केलं. शेजारची झुंबरबाई भाजी निवडायला आली होती, तिनं ते पाहिलं आणि तिचे डोळे मोठे झाले. “अगं बया! सुंदराबाई, आज सोमवार ना?” “व्हय,” सुंदरा म्हणाली आणि भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला.

मंगळवारी दुपारी गोरक्ष तीनला निघू म्हणाला होता. पावणेतीनला एक ट्रेलर येऊन उभा राहिला. तीनला गोरक्ष त्याच्याखाली गेला, तो बाहेर फक्त पायच दिसत होते. “आई, अर्धा तास गं! सील गेलंय, ह्याला नाशिक गाठायचंय.” आशा वैतागली. “तुमचा अर्धा तास ठाऊक आहे मला. मागल्या वेळी दिवाळीला गेला होतात अर्धा तास.” ट्रेलरखालून हसू आलं. गॅरेजच्या फळीवर बसून सुंदरानं साडेतीनपर्यंत वाट पाहिली. तेलाचा वास, लोखंडावर लोखंडाचे ठोके. पळून जायला ही जागा चांगली होती. संध्याकाळ होईल, दाखल करून घेणार नाहीत, आणखी एक तारीख पडेल, आणि ह्या वेळी दोष ट्रेलरचा असेल. कुणी तिला काही म्हणणार नाही. राजुरीचा म्हातारा म्हणेल, देवच आडवा आला. ती हे सगळं शांतपणे बघत होती. मग तिनं पिशवी उचलली.

“कुठं आत्या?”

“यष्टी हाये की. चल.”

“अहो, पण ते येतायत ना—”

“येऊं दे मागनं.”

ट्रेलरखालून गोरक्ष काहीतरी ओरडला, ठोक्यांत ते नीट ऐकू आलं नाही. दोघी चौक ओलांडून स्टँडवर आल्या. नाशिकहून पुण्याला जाणारी गाडी दहा मिनिटांत लागली. गर्दी बेताची होती. आशाला पुढं जागा मिळाली, सुंदराला मागं, खिडकीशी. शेजारी नऊवारी नेसलेली एक बाई, मांडीवर मेथीच्या जुड्या. गाडी चौकातून वळली. बाईनं सुंदराच्या पिशवीकडं पाहिलं. “लेकीकडं चाल्ल्या व्हय, पुण्याला?”

एवढ्या वर्षांच्या सवयीनं ‘व्हय’ अगदी ओठांवर आलं.

“न्हाई,” सुंदरा म्हणाली. “दवाखान्यात. कॅन्सर निघालाय, पिशवी काडायची हाये. उद्या सकाळी.”

बाईचा मेथीवरचा हात थांबला. पुढच्या बाकावरून आशानं वळून पाहिलं. “बया,” ती बाई म्हणाली, आणि थोडी सरकून तिनं सुंदराला पिशवी ठेवायला जागा करून दिली. सुंदरानं पिशवी ठेवली, हात मोकळे करून मांडीवर घेतले, आणि कंडक्टर येईपर्यंत ती बाई जे जे विचारत गेली त्याला खरीखरी उत्तरं देत राहिली.